जेरुसलेमची कत्तल आणि इतिहासाची कसोटी

१५ जुलै १०९९ रोजी ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेम घेतले आणि नगरात भीषण कत्तल केली. रेमों द आगिलेर हा प्रत्यक्षदर्शी पाद्री लिहितो की, रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत चढले. हे वर्णन बायबलमधील ‘प्रकटीकरणा’तले आहे, ते मोजमाप नव्हे, ईश्वरी न्यायाचा डांगोरा होय. शतकानंतर लिहिणारा इब्न अल-अथीर ७०,००० हून अधिक बळी सांगतो. समकालीन इब्न अल-अरबी ३,०००. म्हणून इतिहासकार प्रथम विचारतो : कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी? परंतु आकडा उतरला म्हणून पातक उतरत नाही. मी स्वतः ख्रिस्ती. वर्गात हा धडा शिकविताना स्वर जड होतो. तरीही तो वगळणे मला शिक्षकधर्माला सोडून वाटते.