बातम्या वाचणारी फुलराणी



मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पडदा कृष्णधवल होता आणि दुसरी वाहिनी नव्हती. त्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या वाचणाऱ्यांमध्ये एक चेहरा असा होता, की नाटकवेड्या प्रेक्षकांनी तो चटकन ओळखला. तो होता भक्ती बर्वे यांचा.

भक्ती बर्वे लहानपणीच रंगमंचावर आल्या. सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' उभं करून बालनाट्याला मराठीत हक्काचं घर दिलं. त्या घरातल्या गुणी मुलांपैकी त्या एक. पुढे आकाशवाणीवर निवेदन केलं आणि मग दूरदर्शनच्या बातम्या. बालकलाकार म्हणून टाळ्या मिळवलेली मुलगी मोठेपणी बातम्या वाचते, तेव्हा लोक तिचं ऐकतील की तिच्याकडे नुसतं बघतील? भक्तीताईंचं लोकांनी ऐकलं.

बातमी वाचणं दिसतं तितकं सोपं नसतं. तेव्हा हातात कागद असे. वाक्य डोळ्यांनी टिपायचं, मान वर करायची, समोरच्या भिंगाकडे बघत ते पुरं करायचं आणि पुढच्या ओळीवर अचूक उतरायचं. पुराची बातमी असो की क्रिकेटची, आवाज रडवेला होता कामा नये आणि हरखूनही जाता कामा नये. नटीला जे सारं बाहेर काढायला शिकवलेलं असतं, तेच इथं आवरून धरायचं असतं.

आणि त्याच दशकात, १९७५ साली, 'ती फुलराणी' आलं. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेलं हे नाटक. फुलं विकणारी मंजुळा आणि तिला शुद्ध बोलायला शिकवण्याचा विडा उचललेला प्राध्यापक. प्राध्यापक सतीश दुभाषी, मंजुळा भक्ती बर्वे. ज्या तोंडून महाराष्ट्रानं नितळ प्रमाण मराठीत बातम्या ऐकल्या, त्याच तोंडून मंजुळेची रांगडी, ठसकेबाज बोली ऐकून नाट्यगृहं दणाणली. दोन्ही भाषा खऱ्या वाटल्या, कारण दोन्हींवर मेहनत सारखीच होती.

अभिनेत्री स्मिता पाटील यांचा प्रवास उलट दिशेचा. मुंबई दूरदर्शनवरच त्या बातम्या वाचत असताना दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना हेरलं आणि 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' असे चित्रपट आपल्याला मिळाले. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या बातम्यांना बसत, ही आठवण आजही सांगितली जाते.

कलाकारानं बातम्यांकडे वळण्याचं उदाहरण जपानमध्येही आहे. साकुराई शो हा 'आराशी' या गायक मुलांच्या गटातला. १९९९ साली गट लोकांसमोर आला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. गाणी, मैफली चालू ठेवून त्यानं केइओ विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि २००६पासून 'न्यूज झीरो' या रात्रीच्या बातम्यांच्या कार्यक्रमात निवेदक म्हणून बसू लागला.

भक्तीताईंनी पडद्यावर पत्रकारही रंगवली. १९८३च्या 'जाने भी दो यारो'मधली 'खबरदार'ची संपादिका शोभा आठवा. बिल्डरचा भ्रष्टाचार उघडा पाडायला ती दोन भोळ्या छायाचित्रकारांना कामाला लावते आणि पुरावा हाती येताच त्याचा सौदा करायला निघते. बातमी विकली कशी जाते, हे बातम्यांच्या टेबलाशी बसलेल्या बाईनंच दाखवलं. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या.

बोली आणि प्रमाण भाषेची ही कसरत आपल्या शाळांमध्येही चालते. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्याच जिल्ह्यातल्या शिराळ्यात, वारणा-मोरणेच्या खोऱ्यात, घरात 'पानी' म्हणणारं पोर वर्गात 'पाणी' वाचतं. मंजुळेची बोली त्याला शिकावी लागत नाही, ती त्याची स्वतःचीच आहे. शाळांमध्ये रोज परिपाठ होतो आणि त्यात एक विद्यार्थी ठळक बातम्या वाचतो. बहुतेकदा हे काम वर्गातल्या हुशार मुलाकडे जातं. शिक्षकांनी ते स्नेहसंमेलनात मंजुळेचं स्वगत गाजवणाऱ्या मुलीलाही द्यावं. आदल्या संध्याकाळी बातम्या निवडू द्याव्यात, मोठ्यानं वाचून घ्याव्यात, अडलेलं नाव तिच्याकडूनच नकाशावर शोधून घ्यावं. घरची बोली तिच्याकडे आहेच, बातमीची भाषा तिला शाळेत मिळेल.