सहीपासून पाड्यापर्यंत

संमेलनाचे अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवरून सकाळची एसटी धरून आलेल्या बंधुभगिनींनो,

आज आपण ज्यासाठी जमलो आहोत तो प्रश्न: मानवी हक्क सरकारे खरोखर पाळतात का? माझे मत असे, की हल्लीची सरकारे हक्क सहसा नाकारत नाहीत. ती ते मान्य करतात, राजपत्रात छापतात, आणि मग पाड्यावर पोहोचेपर्यंत वाटेत झिजू देतात. तेव्हा सरकारची परीक्षा सहीने नव्हे, या वाटेवर घ्यायला हवी.

पुरावा आपल्याच मातीत आहे. इथल्या वारल्यांकडून जमीनदार वेठ घेत, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनाही लग्नगडी म्हणून राबवत. हे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही. सिमिंग्टन या सरकारच्याच अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात वेठ आणि मारहाण नोंदवली होती. अहवाल दप्तरात राहिला, वेठ चालूच राहिली. ती मोडली १९४५ मध्ये, किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर उभ्या राहिलेल्या वारल्यांनी. त्यांची मागणी काय, तर ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये! त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठ निषिद्ध ठरवली ती १९५० मध्ये, आणि वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा व्हायला १९७६ उजाडले. आधी माणसे उठली, कायदा मागून आला.

मानवी हक्क ही पाश्चात्यांची आयात आहे, असा एक आक्षेप असतो. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा. वारली उठले त्याच्या तीन वर्षे आधी. आणि त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द बदलून ‘सर्व मानव’ व्हावे म्हणून हट्ट धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी. त्या सुरतेच्या, म्हणजे आपल्याच रेल्वेलाइनवरच्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गरीब देशाच्या सरकारला वेळ आणि पैसा लागतो. शाळा-दवाखान्यांपुरते मी ते मान्य करतो. पण २००६ चा वनहक्क कायदा पाहा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरांपर्यंत, त्याच्या नावे करायची. इथे तिजोरीतून फारसे काही काढायचेच नाही. लागते ती मोजणी आणि सही. तरीही हा हक्क मागत लोक मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. कसतो त्यापेक्षा कमी क्षेत्र मंजूर होते, सातबाऱ्यावर नाव चढते ते ‘इतर हक्क’ या रकान्यात, ही तक्रार पाड्यावर आजही ऐकू येते. बँकेच्या दारात हा रकाना केवढा मोठा ठरतो, ते कर्ज मागणाऱ्याला विचारावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि दावे नीट तपासले गेले का हा प्रश्न उभा राहिल्यावर पंधरवड्यात तो स्थगित केला.

न्यायासाठी हेही सांगतो, की १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला तो केंद्र सरकारनेच. त्याच्या राखणीसाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच तालुक्यातल्या वाढवणचे प्रस्तावित बंदर नाकारले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. बंदराबद्दल या मंडपातही दोन मते असतील. पण ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाआधी मच्छीमाराचे म्हणणे ऐकून त्याला उत्तर देणे, ही विकासाला घातलेली खीळ नव्हे. तो त्याचा हक्क आहे.

संमेलनाला माझी एकच विनंती. ठरावात ‘शासनाने लक्ष घालावे’ एवढेच लिहून थांबू नका. वनहक्काचा दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते, आणि त्याविरुद्ध दाद मागायला साठ दिवस असतात. ज्यांच्याकडे असा कागद आला आहे, त्यांनी आज घरी जाण्याआधी त्यावरची तारीख इथे कुणाकडून तरी वाचून घ्यावी.