बर्फ आणि एक जुना शब्द



आदिलाबादेत बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी. तिच्या ज्या गुणाविषयी मी बोलणार आहे त्याला आपण ‘स्थितिस्थापकता’ म्हणतो. हा शब्द परिभाषा-समितीचा नव्हे. वैशेषिकांच्या त्रिविध संस्कारांपैकी तो एक. वाकवलेली फांदी सोडताच पूर्ववत होते ती त्यामुळे. मराठीच्या प्राध्यापकाला येथवरच अधिकार!

परंतु या एका शब्दात दोन गोष्टी दडल्या आहेत : आकारमान राखणे आणि आकार राखणे. नेहमीच्या बर्फावर दाब वाढवला की तो आकुंचनाला अधिक विरोध करतो. आडव्या सरकण्याला होणारा विरोध मात्र घटतो. दाबाने पदार्थ सर्वस्वी कणखर होतो, ही आपली समजूत येथे अपुरी पडते. बर्फातील रेणूंची जाळी पोकळ असते, म्हणून तर तो तरंगतो. उणे १९६ अंश सेल्सिअसला, सुमारे १०,००० वातावरणांच्या दाबाखाली, ही जाळी ढासळते आणि स्फटिकरूपच नाहीसे होते, असे मिशिमा व सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवले. जवळजवळ तेवढ्याच दाबाखाली वर्गातल्या तापमानाचे पाणी मात्र गोठते, आणि तो बर्फ पाण्यात बुडतो.

१९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. ते उर्दूतून जमले. मग आपल्या सीमाभागातील मुलांना हे मराठीतून का सांगू नये?