चेका ते केजीबी : आद्याक्षरांचा प्रवास



'केजीबी' हे नाव बातम्यांतून, हेरकथांतून आणि चित्रपटांतून आपल्या कानांवर पडलेले आहे. आपण ते इंग्रजी अक्षरांच्या वळणाने उच्चारतो. रशियन माणूस 'का-गे-बे' म्हणतो. 'कोमितेत गोसुदार्स्त्वेन्नोय बेझोपास्नोस्ती', म्हणजे राज्य सुरक्षा समिती, या नावाची ही आद्याक्षरे. समिती स्थापन झाली १३ मार्च १९५४ रोजी. पण या घराण्याचा मूळ पुरुष त्याहून बराच जुना.

बोल्शेविक क्रांतीला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा २० डिसेंबर १९१७ रोजी फेलिक्स झेर्झिन्स्की यांच्या नेतृत्वाखाली एक आयोग नेमला गेला. प्रतिक्रांती आणि घातपात मोडून काढणारा 'अखिल रशियन असाधारण आयोग'. यातल्या 'असाधारण' आणि 'आयोग' या रशियन शब्दांची पहिली अक्षरे 'चे' आणि 'का'. म्हणून 'चेका', आणि तिथला कर्मचारी तो 'चेकिस्त'.

असाधारण म्हणजे संकटापुरता. प्रत्यक्षात यंत्रणा कायम राहिली, पाटी तेवढी बदलत गेली. १९२२ मध्ये गेपेऊ, पुढे ओगेपेऊ, १९३४ पासून एनकेव्हीडी, १९४६ मध्ये एमजीबी आणि अखेर केजीबी. यातल्या एनकेव्हीडीच्या काळात, १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत, सोव्हिएत दप्तरातल्याच नोंदींप्रमाणे ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना मृत्युदंड झाला.

या अक्षरांना लोकांनी आपले अर्थ दिले. 'ओगेपेऊ'ची फोड ते करत : 'देवा, पळून जायला मदत कर.' तीच अक्षरे उलटी वाचली की उत्तर मिळे : 'पळालास तर पकडतील, मुंडके उडवतील.' एनकेव्हीडीचा अर्थ होता, 'घरी केव्हा परतेन, ठाऊक नाही.' त्या काळी एका विनोदापायी माणूस श्रमछावणीत जात असे. तरीही लोक हे कुजबुजत राहिले, कारण सरकारी नावात न सांगितलेले सत्य त्यांना एकमेकांना सांगायचे होते.

सीमा ओलांडताना या नावांनी निरनिराळी रूपे घेतली. फ्रेंचांनी गेपेऊ हा उच्चारच शब्द म्हणून स्वीकारला. चिनी भाषेने 'का-गे-बे'ला ध्वनीने जवळची तीन अक्षरे निवडली. जॉर्जियन, आर्मेनियन आणि अझरबैजानी भाषांनी पूर्ण नावाचे भाषांतर करून आपापली आद्याक्षरे घेतली : 'सुकी', 'पाक', 'डीटीके'. स्पेनमध्ये १९३६ च्या यादवी युद्धात माद्रिद आणि बार्सिलोना इथल्या छळकोठड्यांनाच 'चेका' म्हणू लागले. तिथे ते एका संस्थेचे नाव उरले नाही, भीतीच्या जागेचे झाले. लाटव्हियात सोव्हिएत काळातल्या गुप्त पोलिसांना आजही 'चेका' म्हणतात. केजीबीच्या खबऱ्यांची नोंदपत्रेही तिथे 'चेकाची पोती' म्हणून ओळखली जातात.

सोव्हिएत केजीबी डिसेंबर १९९१ मध्ये बरखास्त झाली. १९९५ पासून रशियात एफएसबी ही सुरक्षा संस्था आहे. बेलारूसने मात्र केजीबी हे नाव अजून ठेवले आहे. आणि रशियातले सुरक्षा कर्मचारी आपला दिवस २० डिसेंबरलाच साजरा करतात, चेकाच्या स्थापनादिनी. म्हणजे जुना वारसा त्यांनी सोडलेला नाही.

पण रशियातच दुसरीही एक परंपरा उभी राहिली, बळींच्या स्मरणाची. मॉस्कोत लुब्यांका इथे केजीबीचे मुख्यालय होते. त्यासमोरच्या चौकात सोलोव्हकी बेटांच्या छावणीतून आणलेली एक शिळा १९९० मध्ये बसवली गेली. 'मेमोरियल' या संस्थेने २००७ पासून दर २९ ऑक्टोबरला तिथे नामवाचन सुरू केले. लोक रांगेत उभे राहून मारल्या गेलेल्यांचे नाव, वय, व्यवसाय आणि मृत्यूची तारीख वाचत. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने ही संस्था बरखास्त करण्याचा आदेश दिला.

श्रोतेहो, दोन-तीन अक्षरे उच्चारायला सोपी असतात आणि त्यांत फार काही झाकले जाते. म्हणून हा इतिहास वाचताना संस्थांची आद्याक्षरे जेवढी लक्षात ठेवू, तेवढीच त्या माणसांची पूर्ण नावेही वाचू या. हिशेब त्यांच्याकडूनच सुरू होतो.