शनिवारवाड्याचं कारंजं आणि कान्हेरीची पोढी

(बोरीवलीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



पुण्याला सहल गेली की पहिला मुक्काम शनिवारवाडा. दिल्ली दरवाजा, हत्ती अडवणारे खिळे. मग गाईड सुरू होतो. पहिल्या बाजीरावानं १७३० ला पाया घातला, १७३२ ला वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरचं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. दगडाचं गाव माहीत, चुन्याचं गाव माहीत. तो दगड कुणाच्या डोक्यावरून आला? गाईड पुढं सरकतो. पुढं नारायणरावाचा खून आहे ना, १७७३ चा! एका पेशव्याच्या मरणाची भुताटकी अडीचशे वर्षं पुरली.

मला तिथलं हजारी कारंजं बघायचं असतं. कमळाच्या आकाराचं. पाणी नुसतं खेळवायला! शहराला पाणी कात्रजचं. नानासाहेब पेशव्यानं तलाव बांधून नळानं पुण्यात आणलं. कारागिरी अव्वल, ते नाकारायचं कारण नाही. पेठांत हौद झाले. आणि त्याच पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं, कमरेला झाडू. बाबासाहेबांनी हे १९३६ साली लिहून ठेवलंय, लाहोरसाठी तयार केलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात. आता सांगा, ज्याची थुंकी जमिनीवर पडलेली चालत नाही, त्याला हौदात ओंजळ कोण बुडवू देणार?

पेशवाई १८१८ ला बुडाली. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, तट आणि जोती उरली. विटाळ कुठं जळाला? पेशवाई जाऊन पन्नास वर्षं झाली, तेव्हा १८६८ ला जोतीबांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला. पर्वतीचं देऊळ नानासाहेबाचंच. १९२९ ला आपली माणसं तिथं सत्याग्रहाला गेली, तर दगड खाऊन आली. आणि म्हणे, हा तुमचा आमचा सगळ्यांचा वारसा!

आता आपल्या बोरीवलीचं बोलू. स्टेशनच्या पूर्वेला नॅशनल पार्क, आत कान्हेरी, शंभरावर लेणी. तिथंही मोठं घराणं आहे, सातवाहनांचं. एका लेखात सातवाहन राणीच्या अमात्यानं दिलेल्या पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. पण त्याच डोंगरात कल्याणच्या सोनारानं दिलेली पाण्याची पोढी आहे, कल्याणच्याच लोहारानं दिलेली वाट आहे. पोढी म्हणजे टाकं. मोठ्या चैत्याच्या लेखात पैसेवाल्या व्यापारी भावांबरोबर दगड घडवणारे आणि घासणारेही येतात. सातवाहनही राजेच, त्यांची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. पण राणीकडचं टाकं आणि सोनाराची पोढी, दोन्ही दगडावर कोरली गेली. शनिवारवाड्यात असा एक लोहार दाखवा मला.

आपल्यातल्या किती जणांनी हे लेख जवळून पाहिलेत? कान्हेरी म्हटलं की आपुन डबा घेऊन जातो, फोटो काढतो, माकडांना शिव्या घालतो, परत येतो. येत्या रविवारी सकाळी पार्कच्या गेटवर जमू. वहीपेन्सिल आणा. प्रत्येक टाकं मोजायचं, कुठल्या लेण्यापाशी आहे ते लिहायचं, आणि पुढच्या खेपेला वस्तीतल्या पोरांना आपणच गाईड व्हायचं. गेटपासून लेणी लांब आहेत, चढ आहे. प्यायचं पाणी सोबत घ्या.