येत नाही की करू देत नाही?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मूल स्वतःचं स्वतः जेवतं का, इतरांत मिसळतं का, एकटं दुकानात जातं का, हेही मोजलं जातं. त्यासाठी आपल्याकडे व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात. अमेरिकेतल्या एडगर डॉल यांनी ती १९३०च्या दशकात तयार केली. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी तिचं भारतीय रूप केलं. त्यात ८९ बाबी आहेत. भावना आणि वागणुकीसाठी रॉबर्ट गुडमन यांची १९९७ची २५ विधानांची प्रश्नावली आहे. दोन्हींत बहुतेक वेळा उत्तरं देते ती आई.

माझीच एक चूक सांगते. एका वस्तीत बौद्धिक अपंगत्व असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीची माहिती मी भरत होते. "एकटी दुकानात जाते?" "नाही." "शेजारी एकटी जाते?" "नाही." मी उण्याच्या खुणा करत गेले. उठताना आई म्हणाली, "ताई, तिला जमत नाही असं नाही. आम्हीच पाठवत नाही. पोरीची जात, त्यात नीट बोलता येत नाही. कुणी काही केलं तर सांगणार कुणाला?"

पुढच्या खेपेला आम्ही तिला दुकानात नेलं. तिनं मिठाचा पुडा बोटानं दाखवला, पैसे दिले, उरलेली चिल्लर मुठीत घट्ट धरून आईला आणून दिली. मी मोजली होती ती तिची कुवत नव्हती, आईची भीती होती. खरं तर बाहेरच्या अडसरामुळे संधीच मिळाली नसेल तर वेगळी खूण करायची सोय डॉल यांनी मूळ श्रेणीत ठेवली होती. घाईत ती मी विसरले.

अपंग नसलेल्या मुलींचंही असंच होतं. तिची धाकटी बहीण वर्गात तोंड उघडत नाही, तर ती 'गुणी' ठरते. भावानं आदळआपट केली तर 'मुलगाच तो'. थोरलीनं केली तर 'डोक्यानं अधू आहे ना!' राग एकच, अर्थ मात्र तीन!

म्हणून माझं सांगणं एवढंच. 'येतं का' आणि 'करू देता का' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. घरी, अंगणात, दुकानात मुलाला प्रत्यक्ष बघा. बोलता येत नसेल तर खुणांना उत्तर माना. शांत मुलीचीही चौकशी करा. बापालाही बसवून विचारा. आईला आरोपी करू नका.

आणि त्या आईची भीती खोटी नाही. मुलीला एकटीनं दुकानापर्यंत जाता येईल असा रस्ता करणं, हे त्या मुलीचं कौशल्य नव्हे, आपलं सगळ्यांचं काम आहे. त्या कामाचे गुण तिच्या कागदावर कापले जाऊ नयेत.