सातव्या वर्षाचा उंबरठा



मूल सात वर्षांचें झालें कीं त्यास समज आली असें आपण म्हणतों. पोप दहावे पायस यांनींही १९१० सालीं प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकारासाठीं सुमारें हेंच वय सांगितलें. तत्पूर्वीं कित्येक ठिकाणीं मुलांस दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तिष्ठावें लागे. परंतु समज येते म्हणजे मनांत घडतें तरी काय?

स्विस पंडित झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनीं मुलांपुढें दोन सारखे पेले ठेवून दोहोंत सारखेंच पाणी भरलें. मग एकांतील पाणी उंच, अरुंद पेल्यांत ओतलें. चार-पांच वर्षांचें मूल बेधडक म्हणे, "उंच पेल्यांत जास्त." सात-आठ वर्षांचें म्हणे, "पेला उंच खरा, पण अरुंदही आहे. परत ओता, पूर्वीइतकेंच भरेल." धाकटें मूल एका उंचीलाच धरून बसलें. थोरल्यानें दोन बाजू एकदम तोलल्या आणि घडलेली क्रिया मनांतल्या मनांत उलट फिरविली.

न्यायबुद्धीचेंही तसेंच. पियाजे यांच्या १९३२ च्या ग्रंथांत दोन मुलांची गोष्ट आहे. एकानें दार उघडतांच पलीकडे ठेवलेले पंधरा पेले नकळत फुटले. दुसऱ्याच्या हातून आईच्या माघारीं मुरंबा काढतांना एकच फुटला. अधिक दोषी कोण? लहान मुलें पुष्कळदां फुटलेले पेले मोजीत; मोठीं हेतु विचारांत घेत. (घरीं कांच फुटली म्हणजे आपण कोणता हिशेब करतों, हें मीं तूर्त विचारीत नाहीं.)

आतां माझी एक चूक सांगतों. धर्मशिक्षणाच्या वर्गांत मीं चिंचोक्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या. सहा वर्षांच्या एका मुलानें त्या सारख्या असल्याचें सांगितलें. मीं एक रांग पसरून तोच प्रश्न पुन्हां विचारला. त्यानें उत्तर बदललें, आणि मीं त्यास सर्वांसमक्ष मठ्ठ म्हटलें. पुढें वाचनांत आलें कीं १९७४ सालीं मॅकगॅरिगल व डोनाल्डसन यांनीं हाच प्रयोग निराळ्या रीतीनें केला होता. रांग एका खोडकर अस्वलाच्या बाहुल्यानें 'विसकटली', तेव्हां चार ते सहा वर्षांचीं कितीतरी अधिक मुलें बरोबर उत्तरलीं. वडील मनुष्य मुद्दाम रांग हलवून पुन्हां विचारतो, त्या अर्थीं त्याला निराळें उत्तर हवें असावें, असें मूल समजत असेल.

माझ्या विद्यार्थ्यानें चिंचोके कदाचित् ठीकच ओळखले असतील, आणि केवळ माझें मन राखण्यासाठीं उत्तर बदललें असेल. तो आतां स्वतः बाप झाला आहे. त्याची सात वर्षांची मुलगी यंदा वर्गांत आली. तिला मीं प्रश्न एकदांच विचारतों, आणि उत्तर आलें कीं म्हणतों, "कसें गं ओळखलेंस?" मग थांबतों. पुष्कळ वेळ थांबावें लागतें.